गडूवरची यमुना

बाळंतपणासाठी आईकडे आले तेव्हा सातवा महिना संपत आला होता. आजीने त्याच आठवड्यात माळ्यावरची भांडी खाली उतरवायला लावली. बाळाला न्हाऊ घालताना पाणी ओतायला प्लास्टिकचा मग तिला चालणार नव्हता. तिला तिच्या आईचा पितळी गडू हवा होता. गडू सापडला, पण पार काळवंडलेला. मला वाकून कामं करायची मनाई होती, म्हणून मी पाटावर बसून, गडू मांडीत धरून चिंच-मिठाने घासायला घेतला. पितळ चिंचेला फार लवकर कबूल होतं. दोन-चार हात फिरवले की काळा थर फेसासारखा सुटतो आणि खालून पिवळं ऊन निघाल्यासारखं होतं. तसंच घासता घासता गडूच्या मानेखाली बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. भांड्यावर घातलेलं नाव होतं. हल्ली मशीनने घालतात तसं सलग नव्हे, छिन्नीच्या टोकाने एकेक ठिपका देत काढलेली अक्षरं. पहिलं अक्षर वर्षानुवर्षांच्या घासण्याने जवळपास गेलेलं. पुढे ‘मुना’, आणि त्याखाली ‘शके १८४६’.

“आजी, ही मुना कोण गं?”

“मुना नाही, यमुना. माझी आई.”

माझ्या पणजीचं नाव लक्ष्मी. आईकडच्या भिंतीवर तिचा फोटो आहे, त्याखाली तेच नाव लिहिलंय. श्राद्धाला तेच नाव घेतलं जायचं. मी जन्मल्यापासून तिला लक्ष्मीपणजी म्हणूनच ओळखते. तिला दुसरं एखादं नाव असेल हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं, आणि आजीनेही कधी सांगितलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाली, “सांगायचं काय त्यात? सगळ्यांचीच बदलायची.”

शके १८४६ म्हणजे १९२४-२५. पणजी तेव्हा बारा वर्षांची होती. मुलीच्या लग्नाचं वय निदान चौदा असावं असं सांगणारा शारदा कायदा आला १९२९ मध्ये, तिच्या लग्नानंतर. सासरी तिच्या सासूचं नाव यमुना होतं. एका घरात दोन यमुना चालणार नाहीत, आणि धाकटीला हाक मारायची तर थोरलीचं नाव घेतल्यासारखं व्हायचं. मग ताटात तांदूळ पसरले, नवऱ्या मुलाने अंगठीने त्यात ‘लक्ष्मी’ लिहिलं आणि यमुना संपली. नाव संपलं, पण माहेरून आलेली भांडी लग्नाआधीच नाव घालून ठेवलेली होती. ती त्याच नावाने सासरी गेली, आणि पुढची कित्येक वर्षं लक्ष्मीबाई रोज सकाळी यमुनेचा गडू घासत राहिली. तो ‘य’ पुसला गेला तो तिच्याच हाताने.

मला त्या ‘य’ने पकडलं ते पकडलंच.

त्याआधी नावांचा शोध आम्हीही सगळ्यांसारखाच चालवला होता. मोबाइलवर याद्या होत्या, मैत्रिणींनी पाठवलेल्या, वाढवत नेलेल्या. मुलगा की मुलगी हे माहीत नसल्याने दोन्ही रकाने भरलेले. त्यातली बरीच नावं गोड होती. दोन अक्षरी, शेवटी आकार, अर्थाच्या जागी ‘देवीचं एक नाव’ किंवा ‘पहिला किरण’. मी ती मोठ्याने उच्चारून बघायची आणि तासाभराने विसरायची. त्या नावांना चेहरा नव्हता. नवरा म्हणायचा की चेहरा आपलं बाळ देईल. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण गडू सापडल्यापासून मला नावांच्या मागे उभ्या असलेल्या बायका दिसायला लागल्या.

आपल्याकडे बायकांच्या नावांचे थर आहेत, जमिनीच्या थरांसारखे. माझ्या वर्गात प्रियांका, स्वप्नाली, अश्विनी होत्या. आईच्या वर्गात सुनीता, वंदना, मंगल, संगीता. आजीच्या मैत्रिणी कुसुम, मालती, शालिनी, कुमुदिनी, विमल. त्या पिढीला फुलं आणि वृत्तं प्यारी होती. शालिनी आणि मालिनी ही नावं तर कवितेच्या वृत्तांतूनही भेटतात. आणि पणजीच्या थरात गेलं की एकदम वेगळंच पाणी लागतं. गंगा, यमुना, गोदावरी, काशी, द्वारका, मथुरा, भागीरथी, चंद्रभागा, रखमा, सगुणा, हौसा, गोजरा. आईच्या पिढीची नावं आपल्याला शिळी वाटतात, कारण ती आपल्याला ओरडलेल्या, डबे भरून दिलेल्या बायकांची आहेत. आजीची नावं म्हातारी वाटतात. पणजीची नावं मात्र आपण कुणाला हाक मारताना ऐकलेलीच नसतात, म्हणून ती पुन्हा नवी वाटायला लागतात. सई, रमा, मुक्ता, जुई अशा वाटेने परत आल्या आणि आता कुणाला जुन्या वाटतही नाहीत. राही हे नाव आज कितीतरी घरांत आहे. ‘वाटसरू’ म्हणून ठेवलेलं असतं, हिंदीच्या अंगाने. पण विठ्ठलाच्या आरतीत रखुमाईच्या आधी जी राही येते ती राधिका आहे. बोलता बोलता राधिकेची राही झाली, रुक्मिणीची रखुमाई झाली, सखीची सई झाली. संस्कृत नाव मराठी तोंडात शतकानुशतकं घोळलं की त्याचा असा गुळगुळीत गोटा होतो. मला हे नव्या नावांपेक्षा फार देखणं वाटतं.

नद्यांची नावं का ठेवायचे याचं उत्तर आजीकडे तयार होतं. आंघोळीच्या वेळी म्हणायच्या श्लोकात सात नद्यांना आपल्या पाण्यात या म्हणून बोलावतात. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी. यातल्या बहुतेक जणी मराठी घरांत नांदल्या आहेत, गंगू, यमू, गोदू, सरू, नमू, सिंधू होऊन. ज्यांच्या नशिबी काशी-प्रयागची यात्रा नव्हती त्यांनी अंगणातल्या पोरीला दिवसातून पन्नासदा हाक मारून तीर्थ घरी आणलं. शहरांचंही तसंच. मोक्ष देणाऱ्या सात नगरींपैकी काशी, मथुरा, द्वारका आणि अवंतिका तर सरळ मुलींची नावं झाली. अजामिळाने मरताना मुलाला ‘नारायणा’ म्हणून हाक मारली आणि तो तरला, ही गोष्ट ज्यांनी खरी मानली त्यांना नाव म्हणजे रोजच्या बोलण्यात पेरून ठेवलेलं पुण्य वाटत असणार. मी तेवढी श्रद्धाळू नाही. पण ज्याची हाक रोज मारायची त्या शब्दात काहीतरी असावं, हे मला मनापासून पटतं.

मग मी यमुनेच्या मागेच लागले. आठव्या-नवव्या महिन्यात झोप येत नाही, रात्री मोठ्या असतात. त्या रात्रींत वाचताना कळलेली एक गोष्ट मी पुढे जो भेटेल त्याला सांगत सुटले. आनंदीबाई जोशी, १८६५ साली जन्मलेल्या, १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झालेल्या आणि पुढच्याच वर्षी बावीस पुरी व्हायच्या आत गेलेल्या, यांचं माहेरचं नाव यमुना. रमाबाई रानडे, ज्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, स्वतःच्या आयुष्याच्या आठवणी लिहून ठेवल्या, त्यांचंही माहेरचं नाव यमुना. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रातल्या दोन सगळ्यांत ठळक बायका, दोघीही यमुना, आणि दोघींनाही आपण नवऱ्याच्या घरी मिळालेल्या नावाने ओळखतो. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला आनंदीबाईंच्या आठवणीसाठी ‘जोशी’ नाव दिलेलं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला जिथे त्यांची रक्षा पुरली तिथल्या दगडावरही सासरचंच नाव आहे. कल्याणच्या वाड्यात ज्या पोरीला ‘यमू’ म्हणून जेवायला बोलावलं जायचं तिचं नाव कुठल्याच दगडावर नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं तेव्हा त्या गोदूबाई होत्या, लग्नानंतर आनंदीबाई झाल्या. जुन्या रूढीला एवढा मोठा धक्का देणाऱ्या लग्नातही नाव बदलण्याची रूढी तशीच राहिली.

काही कुलवृत्तांतांत, म्हणजे घराण्याच्या छापलेल्या वंशावळींत, बायकोच्या नावासोबत माहेरचं नाव दिलेलं असतं. ते एका शब्दात उरकलेलं असतं, पण निदान असतं. आमच्या घरचं तसं काही छापलेलं नाही. आमच्याकडे गडू होता.

मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी घरी आलो. आजीच्या पायांत आता ताकद नाही, म्हणून बाळाला पायांवर घेऊन मालिश करायला बाई यायच्या आणि आजी शेजारी स्टुलावर बसून गडूने पाणी ओतायची. कोमट पाण्याची धार बाळाच्या पोटावर पडली की ती एकदम गप्प व्हायची, मुठी उघडायची. त्या वाफेत, त्या पितळेवरच्या अर्ध्या नावाकडे बघत, मी नवऱ्याला फोनवर म्हटलं, यमुना ठेवू या.

तो लगेच काही बोलला नाही. दोन दिवसांनी म्हणाला, “मला आवडलंय. तिला आवडेल का?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. बाकीचे आक्षेप मला सोपे वाटले.

सासूबाईंना नावातला यम खटकला. “अगं, पाळण्यात यमाचं नाव कशाला?” त्यांची काळजी खरी होती. बाळाच्या बाबतीत अभद्र शब्दसुद्धा न उच्चारणाऱ्या पिढीतल्या त्या. मी त्यांना भाऊबीजेची आठवण दिली. कार्तिक शुद्ध द्वितीयेला आपण यमद्वितीया म्हणतो, कारण त्या दिवशी यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला गेला. दोघं सूर्याची मुलं, जुळी. यम या शब्दाचा एक जुना अर्थच जुळं असा आहे. कवितेत दोन सारखे शब्द जोडीने येतात त्याला यमक म्हणतात ते त्याच शब्दावरून. “म्हणजे यमाला ओवाळणारी आहे ती,” मी म्हटलं. “प्रत्यक्ष यम जिच्या दारात पाट मांडायची वाट बघत उभा राहतो ती.” सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “हे मात्र खरं. दरवर्षी ओवाळतो आपण, लक्षात कुठे येतं.” त्यांचा विरोध तिथेच मावळला. पुढे नातेवाइकांना यमक समजावून सांगण्याचं काम त्यांनीच अंगावर घेतलं.

नदी आता किती घाण झालीय, असंही दोघा-तिघांनी ऐकवलं. यमुनोत्रीपासून प्रयागच्या संगमापर्यंत १,३७६ किलोमीटर वाहणाऱ्या नदीची एका मोठ्या शहराने काय दशा केली हे मला माहीत आहे. तो त्या शहराचा दोष. नदीचं नाव आपण का टाकायचं?

मावशीचं बोलणं मात्र आतपर्यंत गेलं. मावशी मराठी शिकवायची, चाळीसेक वर्षं. ती बाळाला बघायला आली, नाव ऐकून हसली नाही. बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, “मराठीतली पहिली कादंबरी १८५७ ची. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’. त्यातली यमुना गावोगाव विधवांचे हाल बघत फिरते आणि स्वतः विधवा होते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’, १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात यायची. ती गोष्ट सांगणारी कोण? यमू. तिचा नवरा जातो, तिचं केशवपन करतात, तीही जाते. माझ्या पिढीने यमू हे नाव वाचलं ते रडत वाचलंय. तू ते तान्ह्या पोरीला देतेस?”

त्या रात्री मी बाळाला पाजता पाजता विचार करत बसले. मावशीने उगाच भीती घातली नव्हती. जुनं नाव उचलताना आपण त्याचा नाद उचलतो, त्याच्याभोवतीचा पिवळसर प्रकाश उचलतो, आणि ते नाव ज्यांनी वागवलं त्यांचं जगणं मागे ठेवतो. असं निवडून घेणं प्रामाणिक आहे का? पणजीच्या पिढीतल्या नावांकडे नीट बघितलं तर त्यात धोंडू आहे, कोंडाबाई आहे, केराबाई आहे. आधीची मुलं दगावली की पुढच्या लेकराला दृष्ट लागू नये, मृत्यूला हे टाकाऊ वाटावं म्हणून दगडाधोंड्याचं, केराचं नाव द्यायचे. त्या नावांत भीतीने गोठलेली आई आहे. आणि नकुसा आहे. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून तिला हाकेतच नकोशी म्हणायचं. हे पणजीच्या काळापुरतंही नव्हतं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींनी एका कार्यक्रमात आपलं नकोसं नाव टाकून नवं नाव घेतलं. त्या बातमीतल्या शाळकरी मुली हातात नव्या नावाची प्रमाणपत्रं धरून उभ्या होत्या. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक जुनं नाव परत आणण्याच्या लायकीचं नसतं. काही नावं मरूच द्यावीत.

आणखी एक गोष्ट मला त्या रात्री जाणवली, आणि ती सांगायला थोडं अवघडल्यासारखं होतं. आपण ज्यांना कौतुकाने ‘जुनी सुंदर नावं’ म्हणतो ती बहुतेक पोथ्यांतली आणि वाड्यांतली असतात. रमा चालते, मैथिली चालते. हौसा, गोजरा, बायजा, सखू, साळू यांना मात्र ‘गावठी’ म्हणून बाजूला ठेवतो. वास्तविक हौसा किती सुंदर नाव आहे. हौसेने मागून घेतलेली लेक. गोजरा म्हणजे गोजिरी. ही नावं ठेवणाऱ्या आईबापांनी मुलीचं तोंड बघून आनंदाने ठेवलेली आहेत. एखाद्या घराने हौसा ठेवावं आणि शाळेच्या हजेरीत ते खणखणीत वाजावं असं मला फार वाटतं. मी ठेवलं नाही, कारण माझ्यापाशी आलं ते यमुना.

मग यमुनेचं दुःख? मी मावशीला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. म्हटलं, पदमनजींची यमुना शेवटी पुन्हा लग्न करते, १८५७ साली, हे तूच मला शाळेत असताना सांगितलं होतंस. आणि तू यमुनाबाई वाईकरांना विसरलीस. वाईच्या यमुनाबाई. पोटासाठी लहानपणापासून गायल्या, लावणी बसून, अदाकारीने कशी मांडायची हे त्यांच्याकडून शिकायला लोक येत. २०१२ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये गेल्या तेव्हा शंभरी ओलांडली होती. त्यांचं यमुना हे नाव कुणी तांदळात लिहून बदललं नाही. त्या आयुष्यभर यमुनाबाईच राहिल्या, आडनावाच्या जागी गावाचं नाव लावून. त्यांचं आयुष्य सोपं नव्हतं, पण नाव त्यांचं होतं. फोनवर मावशी हळूच म्हणाली, “गळा काय होता गं त्यांचा.” एवढंच म्हणाली. बारशाला येताना तिने बाळासाठी झबलं शिवून आणलं आणि त्यावर लाल दोऱ्याने ‘य’ काढला होता.

दुःख नावात नव्हतंच, असं मी म्हणणार नाही. पणजीच्या बाबतीत दुःख होतं ते नाव काढून घेण्यात. बारा वर्षांच्या मुलीला घर, माणसं, अंगण सोडावं लागतं, आणि त्याच दिवशी तिच्या कानाला ओळखीचा एकमेव शब्दही सोडावा लागतो. आजी सांगते, नवीन नावाने हाक मारली की पणजीला सुरुवातीला कळायचंच नाही, ती वळून बघायची नाही. मग ‘उद्धट आहे’ म्हणून बोलणी खायची. ही एक आठवण आजीला तिच्या आईने सांगितली होती, पीठ मळता मळता, एकदाच.

नवऱ्याच्या प्रश्नाकडे मी पुन्हा वळले. तिला आवडेल का? नाही आवडलं तर ती बदलेल. अर्ज करून, राजपत्रात छापून नाव बदलता येतं. लेखिका मालतीबाई बेडेकर जन्माने बाळूताई खरे होत्या, लग्नाने मालती बेडेकर झाल्या, आणि ज्या नावाने लिहून त्यांनी १९३३ साली महाराष्ट्र हलवून सोडला ते विभावरी शिरूरकर हे नाव त्यांनी स्वतः घेतलं. नाव बदलण्याला माझी हरकत नाही. ते कोण बदलतं याची काळजी आहे. इरावती कर्वे ब्रह्मदेशात जन्मल्या, तिथल्या इरावती नदीवरून वडिलांनी नाव ठेवलं, आणि त्या नावाने जगल्या. त्या आनंदीबाई म्हणजे गोदूबाई कर्व्यांच्याच घरात सून म्हणून आल्या. एकाच घरात एका पिढीची गोदावरी हरवली आणि पुढच्या पिढीची इरावती टिकली. हे एवढंसं अंतर कापायला महाराष्ट्राला केवढा वेळ लागला.

मी हे सगळं नवऱ्याला एका दमात सांगितलं. तो म्हणाला, “मग वेळ कशाला लावतेस?”

वेळ खरं तर होता. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण त्या नोंदीत बाळाचं नाव लगेच असायलाच हवं असं नाही. वर्षभरात ते विनाशुल्क घालता येतं, आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. ज्यांना घाईघाईत नाव ठरवायचं नाही त्यांनी हे लक्षात ठेवावं. अनेक जण दवाखान्यात कुणीतरी फॉर्म पुढे केला म्हणून पटकन सुचेल ते लिहून बसतात आणि मग हळहळतात. आम्ही बारसं झाल्यावर निवांत गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, “आजीचं नाव इथे नाही लिहायचं, बाळाचं लिहा.” मी म्हटलं, बाळाचंच आहे. त्यांनी मान वर केली, बाळाकडे पाहिलं, मग एकेक अक्षर उच्चारत टाइप केलं. य, मु, ना. छापलेला कागद देताना म्हणाल्या, “माझ्या आत्याचं होतं.”

बारशाला माझ्या नणंदेने कानात नाव सांगितलं. सगळ्या जणी हसल्या, टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. आजी मात्र पाळण्याच्या दांडीला धरून नुसती उभी होती. आणि त्यानंतर तिने बाळाला त्या नावाने हाकच मारली नाही. छकुली म्हणायची, बाळ म्हणायची, ‘अगं बाई’ म्हणायची. मला वाटलं तिला नाव आवडलं नाही. धीर करून विचारलं, तर म्हणाली, “आवडलं नाही कसं म्हणू? पण आईचं नाव कसं घेऊ तोंडाने? एकेरीत? ते कधी जिभेवर आलंच नाही माझ्या.”

पणजीला तिच्या मूळ नावाने हाक मारणारं एकच माणूस आजीने पाहिलं होतं, तिचा मामा. भाऊबीजेला यायचा, चपला काढायच्या आधी अंगणातून ओरडायचा, “यमे!” आणि स्वयंपाकघरातून पणजी धावत यायची. आजी म्हणते, आईला धावताना तिने फक्त तेव्हाच पाहिलं. आजी सात वर्षांची असताना मामा तापाने गेला. त्यानंतर ती हाक त्या घरात कुणी मारली नाही.

बाळ सात महिन्यांची झाली तेव्हा आम्ही पुन्हा आईकडे राहायला गेलो होतो. दुपारची वेळ होती. आजी पलंगावर जपमाळ घेऊन बसली होती, बाळ शेजारी पालथी पडून गोधडीचा काठ चघळत होती. मी स्वयंपाकघरात दूध तापवत होते. तेवढ्यात बाहेरून हाक आली, इतकी खणखणीत की मला आधी कुणी परकं माणूस दारात आलंय असं वाटलं.

“यमे!”

मी धावले. बाळ सरपटत पलंगाच्या कडेला पोचली होती आणि आजीने तिच्या झबल्याचा मागचा भाग मुठीत गच्च धरला होता. जपमाळ खाली पडली होती. आजीचे ओठ थरथरत होते. मी बाळाला उचलायला गेले तर तिने मला हाताने थांबवलं. बाळ मान वळवून तिच्याकडे बघत होती, तोंडात अजून गोधडीचा दोरा. आजीने तिला आत ओढून घेतलं, गोधडी नीट केली, आणि मग, आता काही कारण नसताना, पुन्हा एकदा हाक मारली. हळू. यमे.